दीनाच्या नावाचं पार्सल

आल्टबाख, स्वित्झर्लंड
२८ मार्च १९७१

प्रिय दोनाताताई,

पोचलो. तिघंही पोचलो. आधी खाली बस आणि मग माझ्यावर रागाव.

दीनाला पोतेन्झाला कानिओच्या मावशीकडे ठेवून आम्ही दोघंच पुढची गाडी धरणार, असं मी तुला बसथांब्यावर सांगितलं ते खोटं होतं. तू तिच्यासाठी वर्षभराची लोकर आणून ठेवली होतीस आणि मी तुझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलले. माझ्या तोंडाला काळं फास हवं तर. पण खरं सांगितलं असतं तर तू दारात आडवी पडली असतीस.

कायदा तुला ठाऊक आहे. हंगामी परवान्यावर आलेल्याने मूल आणायचं नाही. नऊ महिने इथे राबा, तीन महिने घरी जा, आणि असे पाच हंगाम सलग भरले की मग मूल आणायचा हक्क. आमचा हा चौथा. मी पहिल्या हंगामाहून परत आले तेव्हा ही तीन वर्षांची पोर तुझ्या झग्यामागे लपली आणि मला ‘बाई’ म्हणाली. ‘बाई, तुम्ही बसा.’ तू हसलीस, मीही हसले, आणि मग गोठ्यात जाऊन ढसाढसा रडले. गेल्या डिसेंबरातही तेच. ती मला चिकटायला लागली तोवर फेब्रुवारी आला. आणखी दोनदा हे मला जमणार नाही, ताई.

आम्ही दोघं आगगाडीने आलो. सीमेवर डॉक्टर आम्हाला अंगावरचं उतरवून गुरांसारखं तपासतात. दीना कानिओच्या एका मित्राच्या मोटारीत होती, मागच्या सीटच्या पायाशी, घोंगडीखाली. पोलिसाने डिकी उघडली, आपल्याकडच्या सॉसेजचा वास आला तसं नाक मुरडलं आणि जा म्हणाला. पाच तास तिने हूं की चूं केलं नाही. मित्र म्हणाला, मला वाटलं पोरगी मेली की काय.

खोली माडीवरची आहे. खाली घरमालकीण राहते, फ्राउ झुटर. तिला मुलीचं माहीत नाही. मी पहाटे खाणावळीत भांडी घासायला जाते ती दुपारी दोनला येते, कानिओ बांधकामावरून संध्याकाळी. मधला वेळ दीना एकटी. मोठ्याने बोलायचं नाही, बूट घालायचे नाहीत, नळ सोडायचा नाही, खिडकीशी जायचं नाही, दार वाजलं की कपाटात. कानिओने कपाटाला मागून श्वासासाठी भोकं पाडली आहेत. ती याला उंदराचा खेळ म्हणते आणि आमच्यापेक्षा छान खेळते.

रागावलीस तरी पत्र लिही.

तुझी विन्चेन्झा


मोन्तेसेल्वा
१४ एप्रिल १९७१

विन्चेन्झा,

पत्र वाचून मी ते चुलीत घालणार होते. घातलं नाही, कारण पत्रात दीनाचं नाव आहे.

तू आई आहेस, तुझा हक्क. पण तू नसताना तिला गोवर आला तेव्हा अंधाऱ्या खोलीत अकरा दिवस कोण बसलं होतं? ती पहिल्यांदा ‘दोदो’ म्हणाली ती मला. मी काही उपकार सांगत नाही. एवढंच विचारते, की तीन खोल्यांचं घर, अंगण, कोंबड्या, आणि गल्लीतली सगळी पोरं सोडून ती कपाटात का बसली आहे? तुला एकटं वाटतं म्हणून?

झालं, बोलून टाकलं. आता गावची बातमी ऐक. आळीतल्या बायका अजून माझ्याकडूनच पत्रं लिहून घेतात आणि पार्सलांचे फॉर्म भरून घेतात. झीता काल तिच्या नवऱ्याला पत्र सांगत होती. ‘लिही, गाढवा, डुकरा, तुझ्या कोळशाच्या खाणीत तू गाडला जावास.’ मी लिहिलं, ‘प्रिय पती, आपली फार आठवण येते.’ वाचून दाखवलं तेव्हा म्हणाली, ‘अगदी माझ्या मनातलं लिहिलंस बघ!’

घरात इतकी शांतता आहे की कोंबड्यांशी बोलते. दीनाचे जुने बूट धुऊन ठेवले आहेत. मन फिरलं तर मी स्वतः सीमेपर्यंत येईन तिला घ्यायला. वाट माहीत नाही, पण विचारत विचारत येईन.

दोनाता


आल्टबाख
६ जून १९७१

प्रिय ताई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तीनदा तुझ्याशी मनात भांडले. एकटं वाटतं म्हणून? हो, वाटतं. आईला मुलाशिवाय एकटं वाटलं तर तो गुन्हा आहे का?

दीना मजेत आहे. खरंच. रविवारी आम्ही तिला पिशवीसारखी कोटाखाली घेऊन मागच्या जिन्याने जंगलात नेतो. तिथे कोणी नसतं. ती पळते, पाइनची फळं गोळा करते. कानिओने तिला कागदाची गाय करून दिली आहे, तिला आता सहा वासरं झाली आहेत. जेवते. तुझ्या सुक्या लाल मिरच्या तळून दिल्या की आधी त्याच संपवते. आकडे शिकवले, आता शंभरपर्यंत म्हणते, तेही कुजबुजत, त्यामुळे फार शहाणी वाटते.

कानिओ तुला नमस्कार सांगतो. त्याची पाठ दुखते, पण मुकादम त्याच्यावर खूश आहे.

तू काळजी करू नकोस आणि मला टोचूही नकोस.

विन्चेन्झा


मोन्तेसेल्वा
२० जुलै १९७१

प्रिय विन्चेन्झा,

टोचत नाही. एकच विचारते, खरं उत्तर दे. दीना गाते का? इथे ती सकाळी उठल्यापासून गायची. कोंबड्यांना दाणे टाकताना, चड्डी घालताना, शेजारच्या निकोलाने तर पैज लावली होती की ही झोपेतही गाते. तुझ्या पत्रात पळते आहे, खाते आहे, मोजते आहे. गाते असं कुठे नाही.

ऑक्टोबरात तिचा नामदिन येतो, आपण दीना म्हणत असलो तरी कागदोपत्री ती जेरार्दाच. संत जेरार्दोच्या दिवशी इथे मिरवणूक निघेल आणि गावातल्या सगळ्या जेरार्दो-जेरार्दा नवे कपडे घालून चालतील, एक सोडून. मी तिला बूट आणि बाहुली पाठवते. आपल्या घरची रीत तुला आठवते ना? बाबा बेल्जियमला असताना आपल्या दोघींच्या नावाची दोन वेगळी पुडकी यायची. पोस्टमन अंगणात उभा राहून ओरडायचा, ‘कुमारी दोनाता!’ मग ‘कुमारी विन्चेन्झा!’ तू चार वर्षांची, पोस्टमनला वाकून नमस्कार करायचीस. नामदिनाची भेट ज्याची त्याच्या नावाने यायला हवी, बाबा म्हणायचे.

पायाचं माप पाठव. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिल फिरव.

दोनाता


आल्टबाख
१९ सप्टेंबर १९७१

प्रिय ताई,

सोबत पाऊल आहे. बघ केवढं झालं.

नाही गात. तू विचारलंस आणि मला इतका राग आला की दोन महिने उत्तर दिलं नाही. आता सांगते, कारण दुसऱ्या कोणाला सांगणार? मे महिन्यात ती एकदा गायला लागली, मी खाणावळीत होते. फ्राउ झुटर संध्याकाळी म्हणाली, तुमच्या खोलीत रेडिओ चालू राहतो, वीज जळते. मी घरी येऊन दीनाच्या तोंडावर हात ठेवला. मारलं नाही, ताई, देवाशपथ, पण हात जोरात ठेवला. त्या दिवसापासून ती गाणं सोड, जंगलातही कुजबुजते. कानिओ म्हणतो, ‘ओरड, इथे ओरड की ग, बाबा सांगतो ओरड!’ ती त्याच्या कानाशी येते आणि हळूच म्हणते, ‘आ.’

ऑगस्टमध्ये खोकला झाला. ती उशी तोंडात धरून खोकायची. डॉक्टरकडे नेता येत नाही. बरा झाला आपोआप.

मला कळतं मी काय करते आहे. पण आणखी एकच हंगाम, मग हक्काचा कागद, शाळा, खिडकी उघडी. आता माघार घेतली तर हे सगळं तिने फुकट सोसलं असं होईल. आणि ती मला आई म्हणते. कुजबुजत का होईना, मलाच म्हणते.

आता नीट ऐक. पार्सल दीनाच्या नावाने मुळीच पाठवू नकोस. रीत राहू दे. पार्सल आधी फ्राउ झुटरच्या हातात जातं, आणि वर चिकटवलेल्या जकातीच्या फॉर्मवर आतलं सगळं लिहिलेलं असतं. कानिओच्या नावाने पाठव, फॉर्मवर ‘कपडे’ एवढंच लिही. बूट लिहू नको, बाहुली लिहू नको. इथे गेल्या महिन्यात एका स्पॅनिश कुटुंबाला शेजाऱ्याने कळवून पकडून दिलं. यावर आमचं सगळं अवलंबून आहे.

विन्चेन्झा


मोन्तेसेल्वा
८ ऑक्टोबर १९७१

प्रिय विन्चेन्झा,

जूननंतर तुझं पत्र नाही, म्हणून घाईत चार ओळी. पोस्टाचं काही खरं नाही, उत्तरेत संप आहे म्हणे. पावलाचं माप आलं नाही म्हणून बूट अंदाजाने घेतले. पार्सल आज टाकलं, नामदिनाच्या आसपास मिळेल. दीनाला दोदोचे पापे.

दोनाता


आल्टबाख
२४ ऑक्टोबर १९७१

ताई,

सगळं संपलं.

पार्सल मंगळवारी आलं. पोस्टमनने खाली फ्राउ झुटरला विचारलं, जेरार्दा कोण, सही हवी. ती म्हणाली अशी कोणी बाई इथे राहत नाही. त्याला आपली भाषा येते, त्याने फॉर्म वाचून दाखवला. लहान मुलीचे बूट, एक जोड. बाहुली, एक. फ्राउ झुटर स्वतःकडची किल्ली घेऊन वर गेली. खोली रिकामी होती. मग तिने कपाट उघडलं.

ती वाईट बाई नाही. मी दुपारी आले तेव्हा दीना तिच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती, समोर दूध, आणि फ्राउ झुटरचे डोळे रडून सुजलेले. पण फोन तिने तोवर केला होता. म्हणाली, ‘माझं घर जाईल हो, मी म्हातारी आहे.’

पोलीस दोघं होते, सभ्य होते. दहा नोव्हेंबरपर्यंत मूल देशाबाहेर. मुकादमाने कानिओसाठी शब्द टाकला म्हणून आमचा परवाना तेवढा राहिला. ती पुन्हा दिसली तर तिघांनाही कायमचं बाहेर.

तू स्वतःला दोष देत बसशील, म्हणून आधीच सांगते: तुझी चूक नाही. माझं पत्र तुला पोचलंच नाही. मी दोन महिने रुसून बसले नसते, जुलैमध्येच लिहिलं असतं, तर हे झालं नसतं. कानिओ नको ते बोलला. म्हणाला, ‘तुझी बहीण अख्ख्या गावाचे फॉर्म भरते. तिला सांगायला लागतं? तिने मुद्दाम केलं.’ मी त्याच्यावर हातातली बशी फेकली. लग्नाला आठ वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं. तो कामावर निघून गेला, अजून माझ्याशी बोलत नाही. त्याला काय माहीत, नामदिन म्हटलं की तू कशी वेडी होतेस ते.

पण मी हे पत्र दीनासाठी लिहिते आहे. ती बोलायची थांबली आहे. कुजबुजणंही बंद. मंगळवारी रात्री एवढंच म्हणाली, ‘मी कपाटात शिंकले.’ तिला वाटतं त्यामुळे दार उघडलं. मी शंभर वेळा सांगितलं, नाही ग राणी. ती मान हलवते आणि तोंडावर स्वतःचा हात ठेवते. बाहुलीला हात लावलेला नाही. बूट तिला बरोबर होतात.

आता तू सांग. सीमेच्या पलीकडे, आपल्या बाजूला, कॉन्व्हेंटच्या जोगिणींचं एक वसतिगृह आहे. तिथे आमच्यासारख्यांची पोरं ठेवतात. महिन्यातून एका रविवारी भेटता येईल. कानिओ तेच म्हणतो. मला वाटतं तुझ्याकडे पाठवावं. जगात तुझ्याएवढा विश्वास माझा कोणावर नाही. तू म्हणशील ते करीन.

तुझी विन्चेन्झा


मोन्तेसेल्वा
२९ ऑक्टोबर १९७१

विन्चेन्झा,

कानिओची माफी माग. त्याने खरं ओळखलं.

तुझं पत्र मला पंचवीस सप्टेंबरला मिळालं. पाऊलही मिळालं. ते पाऊल दुकानात नेऊनच मी बूट घेतले, म्हणून ते बरोबर होतात. संप कुठेही नव्हता. दोन आठवडे मी ते पत्र रोज वाचलं. तोंडावर हात ठेवलास ते वाचलं, उशीत खोकते ते वाचलं, आणि मला वाटलं, बस झालं, आता हिला कोणीतरी त्या खोलीतून काढलं पाहिजे. तू स्वतःहून देणार नाहीस हे मला दिसत होतं. मग मी फॉर्म घेतला आणि सगळं लिहिलं. ‘लहान मुलीचे’ हे शब्द पुसट झाले होते, ते मी पुन्हा गिरवले.

तेव्हा स्वतःला सांगितलं की दीनासाठी करते आहे. निम्मं ते खरं होतं. उरलेलं निम्मं असं की पोस्टातून परत येताना मी वरच्या खोलीतली तिची गादी उन्हात टाकली.

तू शिव्या दिल्या असत्यास तर मी कदाचित गप्प राहिले असते आणि पोर घेतली असती. पण ती स्वतःला दोष देते आहे. विन्चेन्झा, हे पत्र हातात पडल्या क्षणी तिला सांग, तुझ्या शिंकेने काही झालं नाही, दोदोने केलं. नाव घेऊन सांग. मग तिने माझं तोंड पाहिलं नाही तरी चालेल.

तिला जोगिणींकडे पाठव. मला मागायचा हक्क उरलेला नाही.

दोनाता


आल्टबाख
४ नोव्हेंबर १९७१

दोनाता,

जोगिणींकडे वसंतापर्यंत जागा नाही. मी स्वतः जाऊन त्यांच्या दारात बसले. एका खाटेवर दोन मुलं झोपतात तिथे. मदर म्हणाल्या, ‘बाई, तुला आपलं माणूस कोणी नाही का?’

म्हणून दीना तुझ्याकडे येते आहे. कानिओचा मित्र तिला दहा तारखेला संध्याकाळी पोतेन्झाच्या स्टेशनवर आणेल. तू वेळेच्या आधी जाऊन उभी राहा. अजून बोलत नाही. प्रश्न विचारू नकोस, गावच्या बायकांना विचारू देऊ नकोस. दुधात साखर लागते.

तू सांगितलंस तसं मी तिला सांगितलेलं नाही. काय सांगू? की जिने केलं तिच्याचकडे मी तुला पाठवते आहे? मग ती कोणाजवळ झोपेल? मी तिला म्हटलं, चूक आईची झाली, आईने पार्सलवर नाव लिहायला सांगितलं. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. तिला ते पटलं. आता माझ्या मांडीवर बसत नाही. तूही हेच सांगायचं, जन्मभर. एवढं तू माझ्यासाठी करायचं.

कानिओची माफी मागितली.

तू म्हणालीस ते खरं होतं हेही मला कळतं. ती खोली मुलाची नव्हती. तू येऊन माझ्या थोबाडीत मारली असतीस, पोर हिसकावून नेली असतीस, तर मी आयुष्यभर भांडले असते आणि कधीतरी तुझे पायही धरले असते. तू पोलिसांना पुढे केलंस.

पंधरा डिसेंबरला हंगाम संपतो. आम्ही घरी येऊ, दुसरं घर आम्हाला नाही. ख्रिसमसला एका टेबलावर बसू. दीनासमोर मी तुला ताईच म्हणेन. मार्चमध्ये शेवटच्या हंगामाला जाताना ती बसथांब्यावर तुझा हात धरून उभी असेल, आणि सगळ्यांदेखत मी तुला सांगेन, ताई, हिला सांभाळ.

विन्चेन्झा